कपाटातल्या फ्लॉप्या

हैदराबादेस १९६७ साली ईसीआयएल ही सरकारी कंपनी स्थापन झाली व तिने देशी संगणक घडविले. त्या शहरी नोकरीस गेलेल्या ज्या घरांत पुढे संगणक आला, तेथे पत्रे, हिशेब, कुणा वडिलांच्या आठवणी फ्लॉपीवर साठल्या. सोनी कंपनीने २०११ साली फ्लॉपीची विक्री थांबविली. चकत्या मात्र कपाटात तशाच आहेत, आणि पावसाळी हवेने त्यांस बुरशी धरते.

अशा घरांस आमचे सांगणे की, नुसत्या फायली उतरून घेऊ नका; सबंध चकतीची प्रतिमा घ्या. नेहमीच्या साडेतीन इंची फ्लॉपीस दोन बाजू, दर बाजूस ८० वर्तुळे, दर वर्तुळात १८ कप्पे, दर कप्प्यात ५१२ बाइट. एकूण १४,७४,५६० बाइट. प्रतिमेत प्रत्येक कप्पा, रिकामा भासणारासुद्धा, जसाच्या तसा उतरतो. पुसलेले पत्र पुष्कळदा त्यांतच सापडते. (ते वाचावे की नाही, हे घरच्यांनी ठरवावे.) मराठीचे दुखणे निराळे. युनिकोडपूर्वीच्या टंकातील मजकूर आज उघडल्यास अगम्य चिन्हे दिसतात. म्हणून टंकाची फ्लॉपीही टाकू नये.

प्रथम कोपऱ्यातील सरकती पट्टी हलवून भोक उघडे करावे, म्हणजे चकतीवर नवे काही लिहिले जात नाही. संगणकाने ‘फॉरमॅट करू का?’ असे विचारल्यास नाही म्हणावे. बुरशी दिसली तर चकती यंत्रात घालूच नये. ती घाण हेडला लागून पुढली चांगली चकतीही खरवडली जाते. तशी चकती जाणकाराकडे न्यावी, आणि तीही येत्या पावसाळ्यापूर्वी.