हजेरी न लावणारं कॉलेज वकील घडवत नाही

लॉला जाणाऱ्याचा पहिला प्रश्न 'कॉलेजात शिकवतं कोण?' हा असायला हवा. सातारा-सांगलीत पहिला प्रश्न असतो, 'हजेरीचं कसं आहे?' बारावीनंतर पाच वर्षांच्या कोर्सला येणारी पोरं तो दबकत विचारतात. पदवीनंतर तीन वर्षांच्या एलएलबीला येणारे थेट टेबलावर ठेवतात, कारण त्यांतल्या बऱ्याच जणांना नोकरी सोडायची नसते. 'बघू, करू ॲडजस्ट' असं उत्तर देणारी माणसंही आपल्याकडे आहेत. मी सांगलीच्या जिल्हा न्यायालयात वकिली करते. ज्युनिअर म्हणून माझ्याकडे येणाऱ्या मुलामुलींवर माझा राग नाही. हा प्रश्न घरून शिकवून पाठवणाऱ्यांवर आहे आणि त्या प्रश्नासकट मुलांना आत घेणाऱ्यांवर आहे.

मागच्या पावसाळ्यात एक मुलगी आली. गाव आटपाडीकडचं, मार्क पहिल्या वर्गाचे, बोलायला धीट. तिच्यापुढे तासगाव तालुक्यातल्या वाटपाच्या दाव्याची फाईल ठेवली आणि म्हटलं, वाच आणि आपल्या पक्षकाराची बाजू सांग. २००५ ची हिंदू वारसा दुरुस्ती तिला पाठ होती. विनीता शर्माचा २०२० चा निकाल तिने न अडखळता सांगितला, मुलीचा हक्क जन्मापासून, बाप हयात असो वा नसो. मग मी सातबारा आणि त्यामागचे फेरफार पुढे केले. ती कागद उलटसुलट करत राहिली. वडील वारल्यावर वारसनोंदीत तीन बहिणींची नावं लागली होती. पुढच्याच फेरफाराने ती कमी झाली होती, कारण दिलं होतं हक्कसोड. ते हक्कसोडपत्र नोंदवलेलं होतं की नुसत्या वर्दी अर्जावर तलाठ्याने नोंद धरली होती, यावर अख्खा दावा उभा होता. तिला ती नोंद दिसलीच नाही. आमची पक्षकार त्या तिघींपैकी एक. साठीच्या पुढची बाई, समोरच्या खुर्चीत बसून होती.

मुलगी हुशारच आहे, आज ती माझ्याकडे चांगलं काम करते. पण पाच वर्षांत तिला कुणी एकदाही सातबारा हातात धरून शिकवलं नव्हतं. कैफियत कशी लिहायची, मनाईच्या अर्जावर म्हणणं कसं द्यायचं, पुरसीस कधी टाकायची, निशाणी पाचवरचा हुकूम कुठे शोधायचा, यातलं काही नाही. कॉलेजला ती परीक्षेपुरती जायची. फी मात्र पाच वर्षांची भरली होती. बापाने द्राक्षबागेच्या पैशातून भरली होती.

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांत ७० टक्के हजेरी लिहिलेली आहे. तीन वर्षांच्या कोर्सला किमान बारा आठवड्यांची इंटर्नशिप आहे, पाच वर्षांच्या कोर्सला वीस आठवड्यांची. मूट कोर्ट आहे, विधी सेवा केंद्र आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये बार कौन्सिलने परिपत्रक काढून बायोमेट्रिक हजेरी आणि वर्गात सीसीटीव्ही सांगितले, विद्यार्थी नोकरी करतो का ते लिहून घ्यायला सांगितलं. हे काढावं लागलं यातच सगळं आलं. कागदोपत्री वर्गात बसलेला माणूस प्रत्यक्षात एखाद्या कचेरीत, कारखान्यात किंवा शाळेत ड्युटीवर असतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. इंटर्नशिपचं सांगायचं, तर दोष आमच्या बार रूममध्येही आहे. ज्याने आपल्या ऑफिसचा उंबरा ओलांडला नाही, अशा पोराला 'चार आठवडे काम केले' असं लेटरहेडवर लिहून देणारे वकील आमच्यात आहेत. मी हे कुणाला लिहून देत नाही. 'मॅडम, एवढ्याशा सहीसाठी कशाला अडवताय' हे ज्येष्ठांकडूनही ऐकून घेते.

नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटलं की, हजेरी कमी म्हणून लॉच्या विद्यार्थ्याला परीक्षेला बसण्यापासून रोखू नये. हल्ली हा निकाल पोरांच्या तोंडी असतो. ते प्रकरण एका विद्यार्थ्याच्या आत्महत्येतून उभं राहिलं होतं. कॉलेजांनी मुलांशी माणुसकीने वागावं, ही त्यामागची तळमळ होती. वर्गात न येता वकील व्हावं, असं कुठल्याही न्यायालयाने म्हटलेलं नाही.

आता दुसरं टोक बघा. ज्यांच्या हातात पैसा आहे, ते हजेरी विचारत नाहीत, इमारत विचारतात. एजंट गावात येतो, हॉटेलच्या हॉलमध्ये मेळावा भरवतो, काचेच्या कॅम्पसचे फोटो दाखवतो, 'प्लेसमेंट' शब्द दहा वेळा उच्चारतो. पोराने सीईटी दिलेली असो नसो, सीट पक्की. वर्षाची फी लाखांत. चार एकर ऊस असलेला माणूस कर्ज काढतो आणि पोरगं पुण्याच्या बाहेरच्या कुठल्यातरी टेकडीवर पाच वर्षं राहून येतं. या मंडळींना कुणी एवढंही सांगत नाही की, ८ लाखांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना २०२४-२५ पासून राज्य सरकारने व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे. त्यासाठी प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला लागतो. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यातून वगळलेली आहेत. मेळाव्यात सही करणारा बाप आपल्या मुलीची फुकटची फी त्याच सहीने घालवतो आणि एजंट त्याला चहा पाजतो. याला मी फसवणूक म्हणते.

राष्ट्रीय विधी विद्यापीठांचं वेगळं आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या आपल्या तिन्ही राष्ट्रीय विधी विद्यापीठांत प्रवेश क्लॅटने होतो. परीक्षा इंग्रजीत, अर्जाचीच फी खुल्या गटाला ४००० रुपये. ज्याची तयारी आहे त्याने जरूर द्यावी. माण-खटावच्या, जतच्या मराठी शाळेतल्या मुलाला ही परीक्षा असते हे बारावीच्या वर्षी डिसेंबरात कळतं, तेव्हा ती होऊन गेलेली असते. हा दोष त्या मुलाचा नाही, त्याच्या कनिष्ठ महाविद्यालयाचा आहे. राज्याची एमएच-सीईटी मात्र मराठीतूनही देता येते आणि २०१६ पासून प्रवेश तिच्यावरच होतात. त्यामुळे आपल्या बहुसंख्य मुलांची निवड खऱ्या अर्थाने कॅपच्या ऑप्शन फॉर्ममध्येच होते. तो फॉर्म नेट कॅफेवाला भरतो. कुठलं कॉलेज वर, कुठलं खाली, हे तो मागच्या वर्षीचा कटऑफ बघून ठरवतो. आयुष्यातला एवढा मोठा निर्णय पन्नास रुपयांच्या प्रिंटआऊटबरोबर होतो.

मोठ्या नावाच्या मागे लागणाऱ्यांना मी एक नाव नेहमी सांगते. प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर, जन्म साताऱ्याचा, १९०१ चा. पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले. १९२६ मध्ये ते पुण्याच्या आयएलएस लॉ कॉलेजातून एलएलबी झाले. ते कॉलेज निघालं होतं १९२४ मध्ये. म्हणजे ज्या नावासाठी आज आपली मुलं रांग लावतात, त्या नावाला तेव्हा दोन वर्षं झाली होती. तिथे कोण शिकवतं आणि शिकणारा किती वाचतो, एवढंच भांडवल होतं.

आणि आता तर सगळा हिशेबच बदलला आहे, पण निवड करणाऱ्यांच्या तो गावीही नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं. सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, सहा जिल्ह्यांची प्रकरणं तिथे चालतात. यासाठी इथल्या वकिलांनी चाळीसहून अधिक वर्षं लढा दिला. अपिलासाठी सांगलीचा शेतकरी मुंबईला पावणेचारशे किलोमीटर जायचा, तारीख पुढची मिळाली की तसाच परतायचा. आता हायकोर्ट सांगलीपासून तासा-सव्वा तासावर आहे. तिथे उभं राहायला इंग्रजी मसुदा लिहिता आला पाहिजे, आणि खालच्या कोर्टातलं रेकॉर्ड समजायला मराठी कागद वाचता आला पाहिजे, कारण जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. हे दोन्ही येणारे वकील इथेच लागणार आहेत. टेकडीवरच्या कॅम्पसमधून परतलेल्याला फेरफार वाचता येत नाही आणि गाईड पाठ करून पास झालेल्याला रिट लिहिता येत नाही. ही जागा मग भरणार कोण? मुंबई-पुण्याहून येणारे भरतील, आणि आपली मुलं त्यांच्या फाईली उचलतील.

त्याच वर्षी २० मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला बसण्याआधी तीन वर्षांची वकिली हवी. तोवर आपल्याकडे एक ठरलेला रस्ता होता : एलएलबी झालं की पुण्याच्या अभ्यासिकेत जागा धरायची, जेएमएफसीचा क्लास लावायचा, कोर्टाची पायरी न चढता न्यायाधीश व्हायचं. या निकालाने तो बंद केला. पक्षकाराचं तोंड न बघता त्याचा निवाडा करायला बसणं मला कधीच पटलं नव्हतं. आता ज्याला न्यायाधीश व्हायचं आहे त्यालाही वडूजच्या, विट्याच्या, इस्लामपूरच्या कोर्टात उभं राहावं लागेल. मग शिकतानाच त्या कोर्टात का जाऊ नये?

साताऱ्यात रयतचं इस्माईलसाहेब मुल्ला लॉ कॉलेज आहे, सांगलीत एन. एस. सोटी लॉ कॉलेज आहे, कोल्हापुरात १९३३ पासूनचं शहाजी लॉ कॉलेज आहे. घरची भाकरी खाऊन शिकता येतं आणि जिल्हा न्यायालय त्याच शहरात आहे. शिवाय इथल्या कज्ज्यांची समृद्धी कुठल्या पुस्तकात नाही. द्राक्षाचा माल उचलून पसार झालेला परराज्यातला व्यापारी. ऊसतोडीच्या टोळीसाठी लाखोंची उचल घेऊन न आलेला मुकादम. सांगलीच्या हळद पेठेतले न वटलेले चेक आणि त्यावरची १३८ ची केस. कोयनेसाठी जमीन दिलेल्यांच्या नातवंडांचे अजून न मिटलेले अर्ज. पुणे-बंगळूर महामार्गावरच्या अपघातांचे क्लेम. करार, फौजदारी, भूसंपादन, नुकसानभरपाई, सगळा अभ्यासक्रम या पन्नास-शंभर किलोमीटरच्या पट्ट्यात जिवंत चालतो. जवळ आहे म्हणून ते कॉलेज आपोआप चांगलं ठरत नाही. पण जवळचं म्हणून त्याला कमी लेखणारा आणि जवळचं म्हणून तिथे नाव घालून वर्गात न जाणारा, दोघेही सारखेच करंटे.

म्हणून ऑप्शन फॉर्म भरण्याआधी त्या कॉलेजात एक अख्खा दिवस घालवा. नेट कॅफेत नाही, कॉलेजात. पूर्णवेळ प्राध्यापक किती आणि तासिका तत्त्वावर किती, हे ऑफिसात विचारा. राज्यभर प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या आहेत. तासाला मोजून पैसे मिळणारा आणि तेही महिनोन्महिने थकणारा मास्तर कितीही कळवळ्याने शिकवत असला, तरी पुढच्या वर्षी तो तिथे असेल याची खात्री नसते. ग्रंथालयात जा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, तिच्यावरचे टीकाग्रंथ कपाटात आहेत का, की अजून दंड संहितेच्या जुन्या आवृत्त्याच मांडून ठेवल्यात? पुस्तकांच्या मागच्या पानावरचे तारखांचे शिक्के बघा, मुलं पुस्तकं नेतात का ते तिथे कळतं. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला बाजूला घेऊन विचारा, मूट कोर्टला तू स्वतः उभा राहिलास का, विधी सेवा केंद्रातून कुठल्या गावाला गेलास, कोर्टात कुणाबरोबर बसलास. तो गडबडला तर समजा. आणि कुणी आपणहून 'हजेरीची काळजी करू नका' म्हणालं, तर तिथून उठा.

कॉलेज चालवणाऱ्यांनाही माझी मागणी आहे. पूर्णवेळ प्राध्यापकांची नावं, वर्गवार खरी हजेरी आणि मागच्या पाच वर्षांत सनद घेऊन प्रत्यक्ष वकिली करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांची यादी दर जूनमध्ये फाटकावर लावा. सातारा आणि सांगलीच्या बार असोसिएशननी खोट्या इंटर्नशिप सर्टिफिकेटवर सही करणाऱ्या सभासदाला नोटीस काढावी, आणि प्रत्येक ज्येष्ठ वकिलाने वर्षाला दोन विद्यार्थी खरोखर आपल्या टेबलाशी बसवावेत. सनदेच्या फीचा बोजा आता तसा उरलेला नाही. ३० जुलै २०२४ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने ती खुल्या गटाला ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपयांवर आणून ठेवली आहे. गरीब घरातल्या पोराला काळा कोट घालायला आता पैसा आडवा येत नाही. आडवं येतं ते पाच वर्षांत कुणी काही शिकवलं नाही हे, आणि त्याचा जाब आपण प्रवेशाच्या दिवशी, फी भरण्याच्या खिडकीपाशीच विचारायला हवा.