रव्याच्या आत मासळी किती?

शिरगावातल्या आया हल्ली मला वारंवार सांगतात, ‘डॉक्टर, हा वरण-उसळीला हात लावत नाही, पण मासे रोज खातो.’ खोलात गेले की कळते, हे मासे म्हणजे गोठवलेल्या पाकिटातील फिश फिंगर. मुलाच्या पोटात प्रथिने जातात म्हणून आई निश्चिंत असते. या निश्चिंतपणालाच माझी हरकत आहे.

पाकीट उलटून वाचावे. त्यावर घटक पदार्थ प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापणे बंधनकारक आहे. पुष्कळ पाकिटांत मासळी निम्मी ते दोन-तृतीयांश भरते. बाकी मैदा, पावाचा चुरा, स्टार्च, तेल आणि मीठ. शंभर ग्रॅम ताज्या बांगड्यात सुमारे १९ ग्रॅम प्रथिने असतात, तेवढ्याच फिश फिंगरमध्ये साधारण ११ ते १३. शिवाय त्यात बहुधा कमी चरबीची पांढरी मासळी वापरतात. बांगडा-तारलीतील ओमेगा-३ मेदाम्ले त्यातून फारशी मिळत नाहीत.

म्हणजे रवा लावून मासे खाऊच नयेत का? मुळीच तसे नाही. आपल्या घरी तुकडीला रव्याचा किंवा तांदळाच्या पिठाचा पातळ हात असतो, आत मासळीच असते. बोंबील मात्र बहुतांशी पाणी. तो वजनाखाली दाबून पाणी काढले नाही, तर रवाच जास्त बसतो. मांदेली कुरकुरीत झाली की काट्यासकट खाता येते आणि कॅल्शियमही मिळते. ही सोय पाकिटात नाही!

खरा प्रश्न तेलाचा. तव्यावर चमचा-दोन चमचे तेलात परतावे. कढईतले तेल पुन्हा पुन्हा तापवले की त्यात घातक संयुगे वाढतात. व्यावसायिकांच्या तेलात अशा ध्रुवीय संयुगांवर १ जुलै २०१८ पासून २५ टक्क्यांची मर्यादा आहे. घरच्या कढईला तपासणारे कोणी नाही. काळे, फेसाळ तेल टाकून द्यावे.

काट्यांच्या भीतीने पाकीट आणले जाते, हे मला समजते. पण बांगड्याचा मधला काटा सहज निघतो, उरलेले बारीक काटे बोटांनी चाचपून काढावेत. पावसाळ्यात समुद्रातील मासेमारी बंद असते, तेव्हा रोहू-कटला मिळतो. त्यात बारीक काटे अधिक, म्हणून लहान मुलांना त्याऐवजी अंडे द्यावे. आणि फिश फिंगर द्यायचीच झाली, तर कधीमधी, तव्यावर भाजून, सोबत वाटीभर वरण ठेवून.