पोटातली कळ आणि मुतखडा

भगिनींनो, मुतखडा हे पुरुषांचे दुखणे, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. पुरुषांत तो अधिक आढळतो हे खरे. पण बायकांतही त्याचे प्रमाण वाढत चालले आहे. या समजुतीमुळे होते काय, की बाईच्या पोटात कळ आली की सारे घर पाळीकडे बोट दाखवते. 'बाईच्या जातीला हे चालायचेच' म्हणून ओवा आणि गरम पाण्याची पिशवी पुढे येते, आणि खरे दुखणे मागे राहते.

माझ्याकडे एक चाळिशीच्या शिक्षिका आल्या होत्या. दर दोन-चार महिन्यांनी त्यांना लघवीची जळजळ होई, औषधाने थांबे, पुन्हा उलटे. लघवीत रक्त दिसले तर ते पाळीचेच, असे त्या धरून चालत. तपासणीत उजव्या मूत्रपिंडात चांगला मोठा खडा निघाला. शाळेत बायकांसाठी धड स्वच्छतागृह नव्हते, म्हणून बाई दिवसभर पाण्याचा घोटही घेत नसत! अशा भगिनी थोड्याथोडक्या नाहीत. पाणी कमी पडले की लघवी दाट होते व तिच्यातले क्षार साचतात. वारंवार जंतुसंसर्ग होत असेल तर त्यातूनही एका जातीचे खडे बनतात आणि ते भराभर वाढतात.

मग ओळखावे कसे? पाळीचे दुखणे बहुधा ओटीपोटाच्या मध्यावर असते. मुतखड्याची कळ एका बाजूला, पाठीत बरगड्यांच्या खाली उठते आणि पुढे जांघेकडे उतरते. खडा मूत्रवाहिनीत अडकला की वरची लघवी तुंबते, मूत्रपिंडावर ताण पडतो. म्हणून कळ लाटेसारखी चढते आणि ओसरते. रोगी एका जागी पडून राहू शकत नाही, नुसता तळमळतो. मळमळ, वांती होते. खडा मूत्राशयाजवळ आला की सारखे लघवीला लागल्यासारखे वाटते. मात्र आंत्रपुच्छाची सूज, अंडाशयाला पडलेला पीळ, गर्भनलिकेत राहिलेला गर्भ यांच्या कळाही अशाच फसव्या असतात. तेव्हा निदान घरी करू नये, आणि पाळी चुकली असल्यास ते डॉक्टरांना आधी सांगावे. गरोदरपणीही सोनोग्राफी करण्यास हरकत नसते.

एक गोष्ट मात्र काळजावर कोरून ठेवा. कळेबरोबर थंडी वाजून ताप आला, किंवा लघवी बंद झाली, तर सकाळची वाट पाहू नका. खड्यामागे तुंबलेल्या लघवीत जंतू वाढले तर विष रक्तात भिनते आणि जीव धोक्यात येतो. तिथे काढे, घरगुती उपाय काही कामाचे नाहीत. तडक रुग्णालय गाठावे.

एरवी घाबरण्याचे कारण नाही. ५ मिलिमीटरहून लहान खडे बहुतेक आपोआप पडून जातात. मोठा खडा दुर्बिणीने काढता येतो, किंवा बाहेरून लहरींचे आघात देऊन फोडता येतो. १९८० साली जर्मनीत म्युनिक येथे ही रीत प्रथम माणसावर वापरली गेली. पडलेला खडा फेकू नये, तपासायला द्यावा. कोणत्या जातीचा आहे हे कळले की पुढचे पथ्य ठरवता येते.

पथ्याविषयीही गैरसमज फार. 'खड्यात कॅल्शियम, म्हणून दूध बंद' हे चूक आहे. जेवणातले कॅल्शियम पालकासारख्या भाज्यांतले ऑक्झलेट आतड्यातच बांधून टाकते. दूध-दही तोडले तर उलट खडे वाढण्याचा संभव. हात आखडायचा तो मिठावर. मीठ जास्त झाले की लघवीतून कॅल्शियम अधिक जाते. पाणी इतके प्यावे की दिवसाकाठी दोन ते अडीच लिटर लघवी व्हावी आणि तिचा रंग फिका राहावा. लिंबाचे सरबतही चांगले, पण त्यात मीठ-साखर बेताने. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असेल त्यांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

दिवाळीत घरची बाई पहाटेपासून चुलीपुढे घामाघूम होते, दोन चकल्या तोंडात टाकते आणि पाण्याचा तांब्या विसरते. यंदा फराळाचे ताट पाहुण्यांपुढे ठेवण्याआधी तो तांब्या आपल्याजवळ ठेवावा, आणि कळ आलीच तर ती सोसत न बसता घरात मोकळेपणाने सांगावी, एवढीच माझी विनंती.