दोन इमारतींमधला काचेचा धागा

पुष्कळ शाळांचे चित्र सारखेच असते. जुनी कौलारू इमारत रस्त्याकडेला, नवी दुमजली इमारत मैदानापलीकडे. संगणक कक्ष नव्या इमारतीत, कार्यालय जुन्या इमारतीत. मग कोणीतरी तांब्याची नेटवर्क केबल कडुनिंबाच्या फांदीवरून पलीकडे ओढून नेतो आणि काम भागते. पण ते वळवाच्या पहिल्या पावसापर्यंतच! दुसऱ्या दिवशी दोन्ही टोकांची उपकरणे बंद पडलेली असतात. "वीज पडली, त्याला कोण काय करणार?" असे म्हणून नवी आणली जातात. माझ्या मते हा दोष विजेचा नाही, आपल्या निवडीचा आहे.

थोडे गणित करू. वीज शाळेवरच पडायला हवी असे नाही. समजा, जवळ पडलेल्या विजेचा केवळ १,००० अँपिअर प्रवाह एका इमारतीच्या अर्थिंगमधून जमिनीत गेला आणि त्या अर्थिंगचा रोध १० ओहम आहे. ओहमच्या नियमानुसार तेथील विभव क्षणभर १०,००० व्होल्टने चढेल. दुसऱ्या इमारतीचे अर्थिंग वेगळे, तेथे असे काही घडलेले नाही. या दोन टोकांना तांब्याने जोडणे म्हणजे त्या विभवांतराला वाट करून देणेच होय. नेटवर्क उपकरणांतील विद्युतरोधन साधारण १,५०० व्होल्टच्या चाचणीला उतरलेले असते. १०,००० व्होल्टपुढे ते कसे टिकावे? शिवाय अशा तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर. मैदान मोठे असेल तर तेवढ्यात पलीकडे पोहोचणेही कठीण.

काच मात्र विद्युतरोधक आहे. प्रकाशतंतूतून प्रकाश जातो, विद्युतप्रवाह नाही. तंतूच्या गाभ्याचा अपवर्तनांक बाहेरच्या आवरणापेक्षा किंचित जास्त असतो, म्हणून पूर्ण आंतरिक परावर्तनाने प्रकाश आतच कोंडला जातो. हे तत्त्व जुने आहे. १८५४ साली टिंडल यांनी पाण्याच्या वाकड्या धारेतून प्रकाश नेऊन दाखवला. १९५४ साली पंजाबात जन्मलेल्या नरिंदर सिंग कपानी यांनी हॉपकिन्स यांच्यासह तंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा पाठवल्याचे प्रसिद्ध केले. १९६६ साली चार्ल्स काव यांनी काच पुरेशी शुद्ध केल्यास ती दूरसंदेशवहनाला चालेल, असे मांडले. एक किलोमीटरनंतर एक टक्का प्रकाश उरला तरी पुरे, ही त्यांची अपेक्षा होती. आज चांगल्या तंतूत तेवढ्या अंतरानंतर सुमारे ९५ टक्के प्रकाश उरतो!

यावर कोणी म्हणेल, हे खर्चिक आहे. टोके जोडायला कुशल माणूस व यंत्र लागते हे खरे. पण दोन्ही टोके तयार असलेली केबल मिळते, आणि दर पावसाळ्यात जळणाऱ्या उपकरणांचा हिशेब कोणी मांडतो का? मात्र काही पथ्ये पाळावीत. पोलादी कवच नसलेली केबल घ्यावी, नाहीतर धातू पुन्हा दोन्ही इमारतींना जोडतो. ती नळीतून न्यावी, फार आखूड वळण देऊ नये, आणि दोन-चार तंतू जास्तीचे ठेवावेत. वीजपुरवठ्याच्या तारांतून येणारा धक्का तंतू अडवू शकत नाही, हेही ध्यानात असावे.

शिक्षकांना एक विनंती. हे काम सुट्टीत गुपचूप उरकू नका. दहावीच्या वर्गाला ते पाहू द्या. पुस्तकात अपवर्तनाची आकृती काढणाऱ्या मुलांना तोच नियम स्वतःच्या मैदानाखालून जाताना दिसेल. फक्त चालू तंतूच्या टोकात कोणी डोळा लावू नये. त्यातील प्रकाश बहुधा अदृश्य असतो, पण डोळ्याला इजा करू शकतो.

शाळेतली केबल हीसुद्धा प्रयोगशाळाच आहे. तिला भिंतीआड का लपवावे?