टिकलीपासून आरोंदेकरांपर्यंत



जर्नल स्क्वेअरला पाथ ट्रेनमधून उतरून न्यूअर्क अ‍ॅव्हेन्यूच्या दिशेने थोडे चालले की उदबत्ती, तळलेले फरसाण आणि ओली कोथिंबीर यांचा एकत्र वास अंगावर येतो. केनेडी बुलेव्हार्ड ते टोनेल अ‍ॅव्हेन्यू एवढाच हा पट्टा. नाव इंडिया स्क्वेअर. आपल्यापैकी कित्येकांच्या अमेरिकेची सुरुवात इथूनच झाली. बॅगेत प्रेशर कुकर, पासपोर्टवर एच-१बीचा शिक्का आणि एका फ्लॅटमध्ये चौघे जण! सोमवार ते शुक्रवार मॅनहॅटनमधला प्रोजेक्ट आणि शनिवारी तूरडाळ, पोहे, साबुदाण्याची खरेदी.

आज त्या रस्त्याबद्दल लिहावेसे वाटले, याचे कारण गेल्या वर्षभरात आपल्या गप्पांमध्ये दोन विषय हटकून एकत्र येत आहेत. एक म्हणजे नदीपलीकडची बातमी. नोव्हेंबर २०२५ मध्ये झोहरान ममदानी न्यू यॉर्कचे महापौर म्हणून निवडून आले. चित्रपट दिग्दर्शिका मीरा नायर यांचा हा मुलगा एकेकाळी रॅप गाणी करायचा आणि प्रचारात त्याने हिंदी सिनेमातल्या दृश्यांचा बिनधास्त वापर केला. दुसरी बातमी त्याच्या दोनच महिने आधीची. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली आणि त्या निमित्ताने इंटरनेटवर भारतीयांबद्दल जे काही लिहिले गेले, ते मुलांना वाचू देऊ नये असे होते.

म्हणजे एकीकडे आपण पडद्यावर आणि सिटी हॉलमध्ये, आणि दुसरीकडे "परत जा" हे ऐकतोय. प्रश्न असा की पडद्यावर दिसलो म्हणजे शहराने आपल्याला आपले मानले, असे समजायचे का? याचे उत्तर शोधायला जर्सी सिटीइतके चांगले ठिकाण नाही.

१९८७ ची टिकली

आपल्यातल्या नव्या मंडळींना कदाचित हे माहीत नसेल. १९८७ च्या उन्हाळ्यात इथल्या 'जर्सी जर्नल' या वर्तमानपत्रात एक पत्र छापून आले. लिहिणाऱ्यांनी स्वतःला 'डॉटबस्टर्स' म्हणवून घेतले होते. डॉट म्हणजे आपल्या बायकांच्या कपाळावरची टिकली! भारतीयांना जर्सी सिटीतून हाकलून लावू, अशी ती उघड धमकी होती. टेलिफोन डिरेक्टरीत पटेल आडनावे शोधून घरे हुडकतो, असेही त्यात लिहिले होते.

२७ सप्टेंबर १९८७ च्या रात्री शेजारच्या होबोकनमध्ये नवरोज मोदी या ३० वर्षांच्या तरुणाला टोळक्याने बेदम मारहाण केली. सोबतच्या गोऱ्या मित्राला कुणी हात लावला नाही. चार दिवसांनी नवरोज गेला. तो पारशी होता, बँकेत काम करणारा. त्याच्या कपाळावर टिकली असण्याचा प्रश्नच नव्हता! त्याच सुमारास जर्सी सिटी हाइट्समध्ये एका भारतीय डॉक्टरलाही मरणाच्या दारापर्यंत मारले. नवरोजच्या खटल्यात मारहाणीची शिक्षा झाली, पण खुनासाठी कुणीही दोषी ठरले नाही.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्या वर्षी अमेरिकन टीव्हीवर आपण जवळपास नव्हतोच. आदल्याच वर्षी आलेल्या 'शॉर्ट सर्किट' सिनेमात भारतीय इंजिनियर होता, पण ते काम तोंडाला रंग फासून एका गोऱ्या नटाने केले होते. जर्सी सिटीतल्या सामान्य पोराला आपली ओळख होती ती फक्त रस्त्यावरची. वेगळे कपडे, वेगळा वास, कपाळावर ठिपका. ज्या माणसाची गोष्ट कधी ऐकलेली नसते, त्याला 'ठिपका' म्हणणे सोपे जाते.

अपू नावाचा इंजिनियर

मग १९९० मध्ये 'द सिम्प्सन्स'मध्ये अपू आला. चोवीस तास उघडे दुकान, ते हेल काढून बोलणे. आवाज हँक अझारिया या गोऱ्या नटाचा. पुढची पंचवीस-तीस वर्षे अमेरिकेत वाढणाऱ्या आपल्या मुलांना शाळेत त्याच आवाजात चिडवले गेले. हरी कोंडाबोलू या न्यू यॉर्कच्या विनोदवीराने २०१७ मध्ये 'द प्रॉब्लेम विथ अपू' हा माहितीपट काढला, तेव्हा कुठे यावर मोकळेपणी चर्चा झाली. २०२० मध्ये अझारियाने हा आवाज देणे थांबवले आणि पुढच्या वर्षी जाहीर माफीही मागितली.

ठीक आहे, चांगले झाले. पण आपण सॉफ्टवेअरवाल्यांनी जरा स्वतःकडेही बघूया. अपूचा राग आपल्याला नेमका कशाचा यायचा? उच्चारांचा तर होताच. पण मनात कुठेतरी असेही होते की आम्ही शिकलेली माणसे, आम्हाला दुकानदार काय समजता! गंमत म्हणजे मालिकेतला अपू हा कॉम्प्युटर सायन्समधला डॉक्टरेट आहे. शिकायला आला, नोकरीला लागला, कागदपत्रांच्या भानगडीत अडकला. १९९६ च्या एका भागात तर त्याला देशाबाहेर घालवण्यासाठी गावात मतदान होते आणि अखेर तो नागरिकत्वाची परीक्षा देऊन सुटतो. म्हणजे ज्याला आपण 'आमच्यातला नाही' म्हणत होतो, त्याची कथा ग्रीन कार्डच्या रांगेत उभ्या असलेल्या आपल्याच कथेच्या सगळ्यात जवळची होती!

आणि दुकानदार म्हणाल तर न्यूअर्क अ‍ॅव्हेन्यूचे दुकानदारच १९८७ मध्ये इथे टिकून राहिले. काचा फुटण्याची भीती असताना त्यांनी शटर वर केले, म्हणून पुढे नव्वदच्या दशकाच्या शेवटी आपली वायटूकेची पिढी उतरली तेव्हा तिला तयार बाजारपेठ मिळाली. आपण त्यांच्याकडून पोहे घेतले, पण त्यांची गोष्ट घेतली नाही.

कुमार, कमला आणि जय

२००४ मध्ये 'हॅरॉल्ड अँड कुमार' हा सिनेमा आला. कुमार होबोकनमध्ये राहतो, मेडिकलच्या मुलाखती टाळतो आणि रात्रभर बर्गर शोधत न्यू जर्सीभर फिरतो. ही भूमिका करणारा काल पेन म्हणजे कल्पेन मोदी, इथल्याच माँटक्लेअरचा. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना तो सिनेमा अजिबात रुचला नाही, आणि रुचण्यासारखा तो नव्हताही. पण एक मोठी गोष्ट त्याने केली. भारतीय मुलगा आळशी, वाह्यात, तरीही प्रेमात पडावे असा असू शकतो, म्हणजेच इतर कुठल्याही अमेरिकन मुलासारखा असू शकतो, हे दाखवले. ज्या होबोकनमध्ये नवरोज मारला गेला, त्याच होबोकनचा कुमार! १७ वर्षांचे अंतर. हाच काल पेन २००९ मध्ये व्हाइट हाउसमध्ये नोकरीला गेला.

मग आली कमला खान. मार्व्हलच्या कॉमिकमधली ही सुपरहिरो जर्सी सिटीची, पाकिस्तानी कुटुंबातली. सना अमानत, जी. विलो विल्सन आणि एड्रियन अल्फोना ही तिच्या निर्मात्यांतली प्रमुख नावे. २०१४ मध्ये तिचे स्वतंत्र कॉमिक सुरू झाले आणि २०२२ मध्ये 'मिस मार्व्हल' ही मालिका आली. तिच्यात १९४७ ची फाळणीसुद्धा आहे. "ती तर पाकिस्तानी, आपली कुठे?" असे काही जण म्हणाले. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की डॉटबस्टर्सनी कुणाचा पासपोर्ट तपासला नव्हता. तिकडे सीमेवर काय आहे ते असो, इथल्या रस्त्यावर आपण एकाच नजरेने पाहिले जातो.

आणि शेवटी आपला मराठी माणूस! २०२१ मध्ये सीबीएसवर 'घोस्ट्स' ही विनोदी मालिका सुरू झाली. नवराबायकोला वारशाने एक जुना वाडा मिळतो, तो भुतांनी भरलेला असतो, आणि बायकोला भुते दिसतात, नवऱ्याला दिसत नाहीत. या नवऱ्याचे नाव आहे जय आरोंदेकर. काम करणारा उत्कर्ष आंबुडकर, जन्म बाल्टिमोरचा. आरोंदा म्हणजे सावंतवाडी तालुक्यातले, तेरेखोलच्या काठावरचे गाव. पलीकडे गोवा. अपूला लेखकांनी जे लांबलचक आडनाव दिले होते ते भारतात कुणाचेच नाही, निव्वळ हसण्यासाठी बनवलेले. आरोंदेकर मात्र खरे आडनाव आहे, त्याला गाव आहे, नदी आहे, कुळदैवत आहे. आणि मालिकेत त्यावर कोट्या करण्याची गरज पडत नाही. जय चांगला स्वयंपाक करतो, हॉटेल काढायचे स्वप्न बघतो, बायकोच्या भुतांना वैतागतो. कोकणातल्या माणसाने भुतांच्या वाड्यात राहावे आणि त्यालाच भुते दिसू नयेत, हा विनोद कदाचित फक्त आपल्यालाच कळेल!

पण २०१७ विसरू नका

इथवरचा प्रवास ऐकून 'चला, जिंकलो' असे वाटण्याचा संभव आहे. म्हणून एकाच वर्षाकडे बघूया. २०१७. याच वर्षी अपूवरचा माहितीपट आला. याच वर्षी होबोकनने रवी भल्ला या पगडीधारी शीख वकिलाला महापौर म्हणून निवडले. प्रचाराच्या अखेरीस त्यांना दहशतवादी ठरवणारी पत्रके वाटली गेली होती, तरीही! नवरोजच्या मृत्यूला त्या वर्षी ३० वर्षे झाली होती.

आणि याच वर्षी फेब्रुवारीत कॅन्ससमधल्या ओलेथा गावी श्रीनिवास कुचिभोतला या आपल्यासारख्याच इंजिनियरला, ऑफिस सुटल्यावर मित्राबरोबर बसलेला असताना, गोळी घालून ठार केले. मारणाऱ्याने आधी त्यांच्या व्हिसाची चौकशी केली होती. टीव्हीवर तोपर्यंत कितीतरी भारतीय चेहरे येऊन गेले होते. ते चेहरे त्या बारमध्ये उपयोगी पडले नाहीत.

थोडक्यात काय, पडद्यावर दिसणे हे जरुरीचे आहे, पण पुरेसे नाही. टीव्हीमुळे शेजाऱ्याच्या मुलाला आपले नाव उच्चारता येते. आपल्यावर वेळ आली तर तो शेजारी बाजूने उभा राहील की नाही, हे मात्र टीव्हीवर ठरत नाही, ते गल्लीत ठरते. १९८७ नंतर परिस्थिती बदलली ती कुठल्या मालिकेमुळे नव्हे. कोलंबिया विद्यापीठातल्या भारतीय विद्यार्थ्यांनी 'इंडियन यूथ अगेन्स्ट रेसिझम' ही संघटना काढली, लोक मोर्चे घेऊन रस्त्यावर आले, पोलिसांना आणि सरकारी वकिलांना जाब विचारला. १९९० मध्ये न्यू जर्सीत द्वेषातून होणाऱ्या गुन्ह्यांविरुद्धचा कायदा कडक झाला, त्यामागे हा रेटा होता. गंमत बघा, 'मिस मार्व्हल'मधली जर्सी सिटी बऱ्याच अंशी अटलांटात उभारली होती. पडद्यावरचे शहर कुठेही बांधता येते. खऱ्या शहराला मात्र इथेच राहून हातभार लावावा लागतो.

मग करायचे काय?

२०२० च्या जनगणनेत जर्सी सिटीची लोकसंख्या २ लाख ९२ हजारांच्या वर होती आणि तिच्यात चौथ्या हिश्श्याहून अधिक आशियाई. संख्या आहे. पण सिटी कौन्सिलच्या सभेला, शाळेच्या बोर्डाच्या बैठकीला आपल्यातले किती जण जातात? गणपतीची वर्गणी वेळेवर देणारे आपण, मतदार नोंदणी मात्र "पुढच्या वर्षी बघू" म्हणतो. जे नागरिक झालेत त्यांनी तरी हे टाळू नये. जे अजून रांगेत आहेत त्यांनाही सभेत बसायला आणि बोलायला कुणाची मनाई नाही.

दुसरे, मुलगा किंवा मुलगी नाटक, लेखन, चित्रपट असे काही करायचे म्हणाली तर लगेच कपाळाला हात लावू नका. आंबुडकरांच्या घरी आई-वडील दोघेही संशोधक. मुलगा नट झाला, घर काही बुडाले नाही!

आणि तिसरे, या वर्षीच्या दिवाळी अंकासाठी एक विनंती. न्यूअर्क अ‍ॅव्हेन्यूवर १९८७ पाहिलेली माणसे आता सत्तरी-ऐंशीला आली आहेत. गुजराती, पंजाबी, मराठी, जे भेटतील ते. शनिवारी खरेदीला गेलात की काउंटरपाशी दहा मिनिटे थांबा आणि विचारा, "काका, तेव्हा कसे होते हो?" ते सांगतील ते लिहून काढा, फोनवर रेकॉर्ड करा, आमच्याकडे पाठवा. हॉलिवूड आपली गोष्ट कधी सांगेल याची वाट बघण्यापेक्षा ती आधी आपल्याला तरी माहीत हवी.

त्या काळी काही बायका घराबाहेर पडताना टिकली काढून पर्समध्ये ठेवत, असे जुनी मंडळी सांगतात. आज नवरात्रात त्याच रस्त्यावर रात्री गरबा चालतो आणि कपाळाकडे कुणी वळूनही बघत नाही. हे आपोआप झालेले नाही, आणि आपोआप टिकणारही नाही.