विजयापूर्वीची सहा वर्षे

१६ डिसेंबर आला की १९७१ च्या विजयाचे स्मरण होते. ढाक्यातील शरणागती, ९३ हजार युद्धबंदी, जनरल माणेकशा यांचे करारी नेतृत्व हे सारे आपल्या घराघरांत ठाऊक आहे. परंतु त्या युद्धात वायुदलाचे प्रमुख कोण होते, असे विचारले तर चांगली सुशिक्षित माणसेही विचारात पडतात. एअर चीफ मार्शल प्रतापचंद्र लाल हे ते नाव. त्यांचे चरित्र विस्मरणात जाणे ही राष्ट्राची हानी आहे. कारण विजय रणांगणावर दिसण्यापूर्वी तो कसा घडवावा लागतो, याचा वस्तुपाठ त्यात आहे.

लाल यांचा जन्म १९१६ सालचा, पंजाबातला. विद्यार्थिदशेतच त्यांनी विमान चालविण्याचा परवाना मिळविला. लंडनमधील शिक्षणानंतर पुढे कायद्याकडे वळण्याचा त्यांचा विचार होता. परंतु १९३९ साली महायुद्ध पेटले आणि ते वायुदलात दाखल झाले. ब्रह्मदेशच्या आघाडीवर ७ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे नेतृत्व करून त्यांनी ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’ मिळविला. १९५७ पासून इंडियन एअरलाइन्सच्या महाव्यवस्थापकपदाची धुरा त्यांच्याकडे होती.

येथेच त्यांची सत्त्वपरीक्षा झाली. अॅव्ह्रो विमानांच्या प्रश्नावर संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याशी त्यांचे मतभेद झाले आणि १९६२ मध्ये त्यांची सेवाच संपुष्टात आणण्यात आली. मंत्र्याच्या मर्जीपेक्षा स्वतःच्या व्यावसायिक निर्णयाला प्रमाण मानल्याचे हे फळ! त्यानंतर थोड्याच काळात चीनचे आक्रमण झाले. लढाऊ विमाने तळांवर सज्ज असूनही ती वापरण्याचा निर्णय दिल्लीला घेता आला नाही. पराभवाने मेनन यांचे मंत्रिपद गेले, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि लाल पुन्हा वायुदलात रुजू झाले. झालेल्या अवहेलनेचे भांडवल त्यांनी केले नाही. परतले ते थेट कामाला लागले.

१९६५ च्या युद्धात ते उपप्रमुख होते. एअर मार्शल अर्जनसिंग यांच्या नेतृत्वाखाली वैमानिकांनी अतुलनीय शौर्य गाजविले. १ सप्टेंबरला छांबच्या रणक्षेत्रात जुनाट व्हॅम्पायर विमाने घेऊन ते शत्रूवर तुटून पडले. त्याच दिवशी आपली चार विमाने पडली. ६ सप्टेंबरला सायंकाळी पठाणकोटच्या आणि दुसऱ्या दिवशी बंगालमधील कलाईकुंड्याच्या तळावर आपली अनेक विमाने जमिनीवरच नष्ट झाली. भूदलाच्या योजनांत वायुदलाला आरंभापासून सहभागी करून घेतले गेले नव्हते. शौर्यात उणीव नव्हती. उणीव होती ती समन्वयाची आणि पूर्वतयारीची. लाल यांनी ती झाकली नाही. त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या आठवणींतही या उणिवांवर त्यांनी स्पष्टपणे लिहिले आहे.

पुढील सहा वर्षे या उणिवा दूर करण्यात गेली. तळांवर विमानांसाठी काँक्रीटचे भक्कम निवारे उभे राहिले. भूदल व वायुदल यांच्यातील संपर्काची व्यवस्था नव्याने बांधली गेली. मधल्या काळात लाल यांनी हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे नेतृत्व केले. नाशिकजवळच्या ओझरचा मिग कारखाना याच कंपनीचा. १९६९ मध्ये वायुदलप्रमुख झाल्यावर त्यांनी अग्रक्रम निश्चित केला : प्रथम मायभूमीचे व तळांचे संरक्षण, त्यानंतर भूदल व नौदलाला साहाय्य. स्वतःच्या दलाचे स्वतंत्र वैभव मिरविण्याचा मोह त्यांनी टाळला.

३ डिसेंबर १९७१ च्या सायंकाळी पाकिस्तानने आपल्या तळांवर अचानक हल्ला चढविला, तेव्हा पठाणकोटची पुनरावृत्ती झाली नाही. ५ डिसेंबरला जैसलमेरहून झेपावलेल्या हंटर विमानांनी लोंगेवाल्याजवळ शत्रूच्या रणगाड्यांचा फडशा पाडला. पूर्वेकडे काही दिवसांतच आकाश पूर्णपणे आपले झाले. हेलिकॉप्टरांनी सैन्याला मेघना नदीपार नेले, टांगाईलला छत्रीधारी सैनिक उतरले आणि १४ डिसेंबरला मिग विमानांनी ढाक्यातील गव्हर्नरच्या निवासस्थानावर अचूक मारा केला. गव्हर्नर मलिक यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. त्याच दिवशी श्रीनगरच्या आकाशात फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों यांना वीरमरण आले. वायुदलाचे आजवरचे ते एकमेव परमवीरचक्र.

पराभवाची व त्रुटींची निर्भय चिकित्सा ही राष्ट्रभक्तीची उणीव नसून तिची कसोटी आहे, हे लाल यांच्या जीवनातून शिकायचे. या कसोटीवर आपण आजही पूर्ण उतरलेलो नाही. १९६२ च्या पराभवावरील हेंडरसन ब्रुक्स अहवाल साठ वर्षे उलटूनही कोणत्याही पक्षाच्या सरकारने अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही. २०२० मध्ये देशाला पहिले संरक्षण दलप्रमुख मिळाले. तिन्ही दलांच्या समन्वयाचा जो धडा लाल यांनी १९६५ मध्ये घेतला, त्याला संस्थात्मक रूप मिळण्यास अर्धशतकाहून अधिक काळ लागला. मंजूर ४२ स्क्वाड्रनऐवजी ३० हून कमी स्क्वाड्रनवर वायुदलाला भागवावे लागते, हेही विजयोत्सवाच्या घोषणांत विसरता कामा नये. सत्तेवर आपल्या विचाराचे लोक असले म्हणून असे प्रश्न विचारण्याचे आपले कर्तव्य संपत नाही.

लाल यांचे १९८२ मध्ये निधन झाले. येत्या विजयदिनी शाखेत, शाळेत, घरात त्यांचे नाव अवश्य घ्यावे. मात्र त्यासोबत त्या सहा वर्षांची कथाही मुलांना सांगावी. तेरा दिवसांत युद्ध जिंकले गेले, परंतु त्या तेरा दिवसांची तयारी सहा वर्षे चालली होती, हे त्यांना कळले पाहिजे.