नळीवरचं नाव

तलवारीचं कौतुक मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. पातं कुठलं, मूठ कोणत्या घाटाची, यावर तासन्‌तास वाद रंगतात. संग्रहालयात शेजारच्या कपाटातली, जळत्या वातीने बार काढायची तोड्याची बंदूक मात्र लांबलचक, बोजड आणि जराशी हास्यास्पद वाटते. दस्त्यावर हस्तिदंत किंवा सोन्याचं काम असेल तर पावलं थबकतात, नसेल तर लोक पुढे सरकतात. आणि इथेच खरी गंमत हुकते. जुन्या बंदुकीतलं सगळ्यात देखणं काम सजावटीत नसतं, ते नळीत असतं.

अकबराचा दरबारी इतिहासकार अबुल फझलने ‘आईन-ए-अकबरी’त या कामाचं बारकाईने वर्णन केलं आहे. पूर्वी लोखंडाचा पत्रा वळवून कडेला कड जोडत. दारू थोडी जास्त झाली की नळी फुटे आणि बंदूकवालाच जायबंदी होई. अकबराच्या कारखान्यात पत्रा तिरका गुंडाळू लागले. प्रत्येक वळशागणिक नळी लांबत जाई, थर एकमेकांवर चढत, मग हळूहळू तापवून ते एकजीव केले जात. पुढे अशा पेचदार नळ्या घासून, तेजाब लावून लोखंडाची वीणच वर आणली जाऊ लागली. म्हणजे जी नक्षी दिसते ती वरून काढलेली नाही, नळी कशी घडली याची ती खूण आहे. जडावाच्या फुलापानांपेक्षा ही वीण कितीतरी सरस म्हणावी लागेल.

त्या कारखान्याची आणखी एक शिस्त होती. लोखंड कुठलं, त्याचं वजन किती, बंदूक कुठे आणि कोणत्या महिन्यात घडली, कारागीर कोण, हे बंदुकीवरच कोरलं जाई. उस्ताद कबीर आणि हुसेन ही दोन नावं अबुल फझलने मुद्दाम नोंदवली आहेत. सोळाव्या शतकात शाही कारखान्याला जे सुचलं, ते आपल्याकडच्या संग्रहालयांतल्या पाट्यांना अजून सुचत नाही. त्या पाट्यांवर ‘बंदूक, अठरावं शतक’ एवढ्यावर काम भागतं. मालक राजा असला तर त्याचं नाव येतं, घडवणारा गायब.

हत्याराच्या सौंदर्याबद्दल बोलताना अवघडलेपण असतं, आणि ते असावंच. अकबराच्या लाडक्या बंदुकीचं नाव ‘संग्राम’. तिनेच त्याने चितोडच्या वेढ्यात किल्ला लढवणाऱ्या जयमलला टिपलं आणि तिनेच तीन-चार हजार पशुपक्षी मारले, असं त्याचा मुलगा जहांगीर आठवणींत लिहितो. हा हिशेब झाकून नळीचं कौतुक करणं लबाडीचं ठरेल. पण तलवारही रक्तानेच माखलेली असते. तिला एक न्याय आणि बंदुकीला दुसरा, हे पटणारं नाही.

नळी घडवण्याच्या या कसबाचा एक धागा थेट गोव्यातून जातो, आणि तो शाळेत कुणी सांगत नाही. पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने 1510 मध्ये गोवा जिंकला. तीन वर्षांनी त्याने पोर्तुगालच्या राजाला लिहिलं, की इथले लोहार बोहेमियाच्या तोडीच्या बंदुका घडवतात, नळीचं बूड आट्यांच्या मळसूत्राने बंद करतात, आणि असा एक उस्तादच आपल्याकडे धाडत आहे. जेत्याने दिलेलं हे प्रशस्तिपत्र! मळसूत्र ही क्षुल्लक बाब नव्हती. बूड उघडता आलं की नळी आतून साफ करता येते; पण आटे जरा सैल राहिले तर बार उलटा तोंडावर येतो. 1543 मध्ये पोर्तुगिजांची बंदूक जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोहोचली, तेव्हा यैता किन्बेई हा तिथला लोहार नेमका या मळसूत्रापाशी अडला. ते त्याला पुढच्या वर्षी आलेल्या परदेशी लोहाराकडून शिकावं लागलं, असं जपानी बखर सांगते. जपानी बंदुकीची कमानीची कळ गोव्याकडच्या घडणीतूनच आली, असं जुन्या शस्त्रांचे काही अभ्यासक मानतात.

घडवणाऱ्याचं नाव कसं जपावं, याचं उदाहरण परदेशात सापडतं. टिपू सुलतानासाठी 1793-94 च्या सुमारास घडवलेली एक चकमकीची शिकारी बंदूक ब्रिटनबाहेर जाऊ नये, म्हणून 2023 मध्ये तिथल्या सरकारने तिच्या निर्यातीला तात्पुरती मनाई केली. किंमत 20 लाख पौंड. पुन्हा न ठासता दोन बार काढण्याची सोय तिच्यात आहे, आणि तिच्यावर असद खान मुहम्मद या कारागिराची सही आहे. सरकारी निवेदनात टिपूसोबत हेही नाव आलं.

आपल्याकडे नळीचं काम आणि कारागिराचं नाव लोकांसमोर आणायला फार खर्चाची गरज नाही. नळी क्ष-किरणांखाली धरली तर आतले वळसे आणि बुडाचे आटे पाहता येतील. ते छायाचित्र बंदुकीशेजारी लावावं. दस्त्याची खालची बाजूही दिसावी म्हणून तिथे छोटा आरसा ठेवावा. आणि नळीवर काही कोरलेलं असेल तर ते वाचून, जसंच्या तसं, मराठीत पाटीवर उतरवावं. फारसी आणि मोडी वाचणारे लोक पुण्यात आजही आहेत, त्यांना बोलावणं तेवढं गेलं पाहिजे.